बांगड्या काढून

वहीत पहिली नोंद : बाळे, खंडोबाची जत्रा, रात्री पावणेदहा.
वही म्हणजे पाठकोऱ्या गेटपासांची चळत,
मागाच्या सुताने शिवलेली.
खाली एवढंच : बाई. चौंडकं. आवाज फाटका, पण आत जातो.

नाव पुढे वळसंगला कळलं, एका लग्नात,
तिला शेवटच्या पंगतीला बसवलं तेव्हा.
मलकव्वा.
मी ना मुलीकडचा, ना मुलाकडचा.
वाढप्याने हटकलं तर म्हणालो, चौंडक्याकडचा.
त्याने निमूट भात वाढला.

माझ्या कानांचं सांगायला हवं.
सव्वीस वर्षं चार यंत्रमागांच्या मधोमध उभा आहे.
बारीक आवाज एकेक करून गेले :
नातीचं बोलणं, कुकरची शिट्टी,
डास गेले, ते बरंच झालं.
चौंडकं राहिलं.
तार ताणून सोडली की ते इथे लागतं,
बरगडीच्या दुसऱ्या फटीत.
आणि का कोण जाणे, तिच्या बांगड्या राहिल्या.
मनगट हलतं तसा हिरव्या काचेचा किणकिणाट.
डॉक्टर म्हणतात, शक्य नाही. तुम्ही बघता, आणि ऐकलं म्हणता.
असेल.

घरात आमची तेलुगू, शेडमध्ये मिळेल ती भाषा,
तिचं गाणं अर्धं कानडी, अर्धं मराठी.
निम्मं मला कळत नाही.
कर्जाळ, होटगी, बोरामणी, परत बाळे,
न कळता फिरलो.
एकदा शेवटची एसटी चुकली
आणि कांद्याच्या ट्रकमध्ये आम्ही दोघं, मध्ये चौंडकं,
कोणी काही बोललं नाही.

मग ती रेडिओवर येणार असं कळलं.
मंगळवार, संध्याकाळी साडेसहा, लोकसंगीत.
चारही माग बंद केले.
इरय्या शेठ दारात येऊन उभे राहिले, घड्याळ बघत.
मजुरीतून काय कापायचं ते कापा म्हणालो.

निवेदिका म्हणाली, श्रीमती मलकव्वा.
श्रीमती ऐकून वाटलं, दुसरीच कोणी असेल.
वाजवलं. छान वाजवलं, धुतल्यासारखं.
खोकला नाही.
"पानी आन रं" नाही.
कडवं सोडून पुढच्या रांगेतल्या म्हातारीची चौकशी नाही.
आणि बांगड्या नाहीत.

रांडाव पुनवेला देवी विधवा होते,
तेव्हा मलकव्वाही चुडे फोडते, मोकळ्या हाताने वाजवते,
हे मला इतक्या वर्षांत ठाऊक झालेलं.
पण ती पुनव मार्गशीर्षात.
भिंतीवर कॅलेंडर होतं, वैशाखाचं.
शेठ म्हणाले, आता काय शोधूलालास?

भद्रावती पेठेत विड्यांच्या ब्रँचवर ती दिवसा माल टाकते.
गाठलं तिला. विचारलं.
"काढ म्हनले. माईकला टोचतात म्हनं.
रुमालात बांधून मांडीवर ठेवले की."
मग कात्री थांबवून :
"तू ऐकलास? कसं झालं?
मी एसटीत होते त्या टायमाला."

शुक्रवारी तोच कार्यक्रम परत लागणार होता.
ट्रान्झिस्टर घेऊन गेलो, ओट्यावर ठेवला.
विडीची पानं मांडीवर, तशीच ऐकत राहिली,
एखाद्या सुनेकडे बघावं तशी, मान तिरपी करून.
"बाई चांगली वाजवूलालीय की,"
ती म्हणाली,
"पन हात मोकळाय तिचा. नवरा गेलेला दिसतोय."

मी हसलो नाही.
तिने तंबाखू झटकली,
उजवं मनगट उचलून रेडिओच्या जाळीजवळ नेलं
आणि हलवलं.
पहिल्यांदा चुकली.
दुसऱ्या वेळी ठेक्यात आली, आणि राहिली
गाणं संपेपर्यंत.

वहीत लिहिलं : शुक्रवार, भद्रावती पेठ, ब्रँचचा ओटा.
आज दोघींनी वाजवलं.
सेल उतरत आले होते.